जुना, मोठा वाडा विकायचाय: दलाल कसा निवडायचा?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, दलाल निवडायला व्याख्यान कशाला हवं? चौकात गेलं की चार भेटतात. दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचा असेल तर हे म्हणणं बरोबर आहे. त्याच इमारतीत मागच्या वर्षी एकदोन फ्लॅट विकले गेलेले असतात, भाव वॉचमनलासुद्धा ठाऊक असतो. तिथे दलाल जरा डावा निघाला तरी नुकसान बेताचं राहतं.

आज आपण बोलणार आहोत वेगळ्या घराबद्दल. डोळ्यासमोर वाई, सातारा, नाशिक किंवा पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा आणा. दिंडी दरवाजा, दोन चौक, सागवानी खांब, वर माडी, मागे परसू आणि आड. पुढचा रस्ता जेमतेम बारा फुटांचा. एका बाजूला दोन जुने भाडेकरू. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचं नाव, आणि वारस कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात, कुणी न्यू जर्सीत. अशा घराचं जुळं भावंड शेजारी नसतं. त्यामुळे तयार ‘बाजारभाव’ही नसतो. आणि जिथे भाव ठरलेला नसतो तिथे दलालाच्या शब्दाला फार वजन येतं.

म्हणून आजच्या व्याख्यानाचं सार आधीच सांगतो. अशा घरासाठी सगळ्यात मोठा आकडा सांगणारा दलाल शोधायचा नाही. ‘हे घर कोण घेईल आणि घेऊन काय करेल’ याचं नेमकं उत्तर देणारा शोधायचा. असं का, ते आता क्रमाने बघू.

एका वाड्याचे तीन सौदे

वाडा विकतो म्हणजे आपण नक्की काय विकतो? यात तीन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली वस्तू जमीन. बिल्डरला वाड्यात रस नसतो, त्याला खालची जागा हवी असते. तिथे किती बांधता येईल यावर त्याचा भाव ठरतो आणि किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं. अरुंद बोळातल्या वाड्याला मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटचा दर लावणारा दलाल एकतर अडाणी असतो किंवा आपल्याला गळाला लावत असतो. वाडा पालिकेच्या वारसा यादीत असेल तर गणित आणखी बदलतं, कारण पाडायला किंवा बदल करायला वेगळी परवानगी लागते. मुंबईत अशी वारसा नियमावली १९९५ पासून आहे, पुढे इतर शहरांतही याद्या झाल्या. आपलं घर यादीत आहे का, हे दलालाच्या आधी आपल्याला माहीत हवं.

दुसरी वस्तू वास्तू, म्हणजे उभा वाडा. त्याचे गिऱ्हाईक निराळे: होमस्टे किंवा छोटं हॉटेल काढणारे, एखादी शिक्षणसंस्था, निवृत्तीनंतर गावी परतणारं कुटुंब, चित्रीकरणासाठी जागा पुरवणारे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. ‘स्वदेस’सारख्या चित्रपटाचं चित्रीकरण त्या गावात झालं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. प्रत्येक वाड्याला असं भाग्य मिळणार नाही. पण उभ्या वाड्यालाही गिऱ्हाईक असतं, फक्त ते कमी असतं, लांब असतं आणि वेळ घेतं.

तिसरी वस्तू लाकूड. ही बहुतेक घरमालक विसरतात. जुन्या सागवानी तुळया, कोरीव खांब, दरवाजे, महिरपी यांचा स्वतंत्र बाजार आहे. जुन्या लाकडाचे व्यापारी ते घेतात आणि ते पुढे बंगल्यांत, हॉटेलांत बसवलं जातं. जमिनीच्या भावात सौदा झाला की हे लाकूड फुकटात जातं. आम्ही नेहमी सांगतो की दलालाला पहिल्याच भेटीत सरळ विचारा, “लाकूड कुणाचं?” त्याने या प्रश्नाचा आधी कधी विचारच केला नसेल, तर त्याने असे वाडे विकलेले नाहीत असं समजा.

आता लक्षात येईल की तीन दलालांनी तीन आकडे सांगितले म्हणजे कुणीतरी खोटं बोलतोय असं नाही. ते वेगवेगळी वस्तू विकत असू शकतात. म्हणून आधी घरात बसून ठरवायचं: वाडा उभा राहावा असं आपल्याला वाटतं का? त्यासाठी थोडं थांबायची, थोडे कमी पैसे घ्यायची तयारी आहे का? की सगळ्यांचे वाटे लवकर मोकळे करायचेत? दोन्ही भूमिका योग्य आहेत. पण हे न ठरवता दलाल गाठला तर हा निर्णय दलालच घेतो आणि तो त्याच्या सोयीने घेतो.

दलालाचं गणित

त्याची सोय म्हणजे काय, ते एका हिशोबात बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, वाड्याला दोन कोटी येऊ शकतात आणि दलाली एक टक्का ठरली. दलालाला दोन लाख मिळतील. एक गिऱ्हाईक आज एक कोटी ऐंशी लाखाला तयार आहे. आपण हो म्हटलं तर आपले वीस लाख गेले. दलालाचे किती गेले? फक्त वीस हजार. वीस हजारांसाठी तो आणखी सहा महिने कशाला धावपळ करेल? तो म्हणणार, “काका, मार्केट डाऊन आहे, देऊन टाका.” यात तो वाईट माणूस आहे असं नाही. त्याचं गणितच तसं आहे.

दुसरी गोष्ट. गावातल्या बिल्डरला तोच दलाल वर्षानुवर्षे जागा मिळवून देत असतो. पुढे त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीतले फ्लॅट विकायचं कामही बहुधा त्यालाच मिळतं. आपल्याशी त्याचा संबंध एकदाच, बिल्डरशी रोजचा. दोन्हीकडून दलाली घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, त्यात लपवाछपवी नसेल तर हरकत नाही. पण भावाच्या घासाघिशीत तो कुणाच्या बाजूने बोलेल, हे आपण ओळखून असावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. काही दलाल म्हणतात, “टक्केवारी सोडा. तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचे आमचे.” ऐकायला सोपं वाटतं. पण या एका वाक्याने दलालाचं हित आपल्या हिताच्या उलट जातं. आपल्याला दीड कोटीवर थांबवायचं आणि गिऱ्हाईकाकडून एक नव्वद काढायचे, हाच त्याचा धंदा होतो. वरचे चाळीस लाख खरेदीखतात दाखवले तर त्याचा कर आपल्या डोक्यावर. नाही दाखवले तर व्यवहारात रोख आली. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. म्हणून ‘हातात किती’वाल्याला तिथेच नमस्कार करायचा.

पहिल्या भेटीत काय बघायचं

आम्ही पाच गोष्टी सांगतो.

एक, तो आधी भाव सांगतो की आधी कागद मागतो? वाड्याचा जाणकार दलाल बसल्या बसल्या विचारेल: मालमत्ता पत्रकावर नावं कुणाची? वारसनोंद झाली का? बहिणींनी हक्कसोडपत्र दिलंय का? भाडेकरू किती, पावत्या कुणाच्या नावाने? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे “बहिणींचं बघू नंतर” म्हणणारा दलाल सौदा साठेखतापर्यंत नेईल आणि तिथे अडकवेल. भाडेकरूंचंही तेच. मालक बदलला म्हणून भाडेकरू आपोआप जात नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याच्यासोबत राहतं. “भाडेकरू आम्ही काढून देऊ” असं हसत हसत सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

दोन, भाव सांगितला तर तो कशावरून? ‘आमचा अनुभव’ हे उत्तर पुरेसं नाही. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना आपण रेडीरेकनर म्हणतो, ते सगळ्यांना बघता येतात. आजूबाजूच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर शोधता येते. आणि दलालाकडे जायच्या आधी एखाद्या नोंदणीकृत मूल्यमापकाकडून जमीन व बांधकाम यांचं वेगवेगळं मूल्यांकन करून घ्या. त्याची फी मोजकी असते आणि त्याला आपलं घर विकण्यात काही मिळायचं नसतं. पुढे भांडवली नफ्याचा कर काढतानाही मूल्यांकन लागतंच, कारण २००१ पूर्वीच्या मिळकतीसाठी १ एप्रिल २००१ ची किंमत आधार म्हणून धरता येते.

तीन, आधी विकलेली अशी घरं दाखव म्हणायचं. किती विकली यापेक्षा विकल्यावर त्यांचं काय झालं ते विचारा. तीन वाडे विकले आणि तिन्ही पाडले गेले, तर हा जमिनीचा दलाल आहे. आपल्याला जमीनच विकायची असेल तर उत्तम, नसेल तर तो आपला माणूस नाही. जमलं तर त्या जुन्या मालकांना फोन करा. फक्त एवढंच विचारा, “शेवटी मिळालेली रक्कम आणि सुरुवातीला सांगितलेली रक्कम यात फरक किती पडला?”

चार, गिऱ्हाईकापर्यंत तो पोचणार कसा? वाड्याचं गिऱ्हाईक गल्लीत फिरत नसतं. ते मुंबईत, बंगळुरात, कधी परदेशात असतं. नीट फोटो, खणांसकट मोजमापाचा नकाशा, कागदांची स्वच्छ यादी असल्याशिवाय ते गाडी काढून येत नाही. दरवाजावर पाटी आणि चार व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, एवढंच त्याचं नियोजन असेल तर ते फ्लॅटचं नियोजन आहे.

पाच, “तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी यात घेणारे आहात का?” हा प्रश्न तोंडावर विचारा, उत्तर लेखी घ्या. याचं कारण पुढे येतंय.

एकाला द्यायचं की दहांना?

फ्लॅट दहा दलालांना सांगितला तर बिघडत नाही. वाड्याचं तसं नाही. दहाजणांच्या तोंडी दहा भाव फिरतात आणि सहा महिन्यांत गावभर होतं की हा वाडा खपत नाहीये, काहीतरी भानगड असणार. मग येणारा प्रत्येकजण पाडून मागतो.

म्हणून आमचा सल्ला असा: पारख करून एकाला द्या, पण मुदतीने द्या. चार ते सहा महिने पुरेत. दर महिन्याला कुणाला दाखवलं, कोण काय म्हणालं याची नावानिशी यादी त्याने द्यायची. याचा दुसरा फायदा म्हणजे, मुदत संपल्यावर ‘हे गिऱ्हाईक माझंच होतं’ हा वाद उरत नाही. आपल्या ओळखीतून, शेजाऱ्यापाजाऱ्यातून गिऱ्हाईक आलं तर दलाली द्यायची की नाही, तेही आधीच लिहा. वाडा बऱ्याचदा शेवटी शेजारीच घेतो, हे विसरू नका.

दलाली बहुतेक ठिकाणी एक ते दोन टक्के असते. वेगळ्या घराला मेहनत जास्त, त्यामुळे दोन टक्के मागितले तर लगेच चिडू नका. उलट एक युक्ती सांगतो: ठरलेल्या रकमेपर्यंत एक टक्का आणि त्यावर मिळेल त्या रकमेवर जास्त टक्के, असं ठरवा. मघाच्या उदाहरणात एक कोटी ऐंशी लाखांवरच्या रकमेला दहा टक्के ठेवले, तर दोन कोटींना विकल्यावर दलालाला जास्तीचे वीस हजार नाही, दोन लाख मिळतात. आता तो थांबेल. ‘हातात किती’ मध्ये आणि यात फरक आहे. इथे पूर्ण किंमत आपल्यासमोर आणि खरेदीखतात असते.

कायदा कुठे मदत करतो, कुठे नाही

“आमचा दलाल महारेराचा नोंदणीकृत आहे,” असं अनेकजण निर्धास्तपणे सांगतात. नोंदणी असणं चांगलंच. २०२३ पासून महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. पण २०१६ च्या रेरा कायद्यातली दलालांची नोंदणीची सक्ती आहे ती विकासक विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पांतल्या मालमत्तेसाठी. आपण आपला जुना वाडा विकतो तेव्हा तो प्रकल्प नसतो. म्हणजे उद्या दलालाशी वाद झाला तर महारेराकडे दाद मिळेल अशा भरवशावर राहू नका.

मग आधार कशाचा? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा. यात अभिकर्ता, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा माणूस, याच्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. कलम २१५ सांगतं की दलालाने आपली संमती न घेता, सगळी वस्तुस्थिती न सांगता स्वतःसाठीच व्यवहार केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा व्यवहार आपल्या तोट्याचा ठरला, तर आपण तो नाकारू शकतो. कलम २१६ सांगतं की आपल्याला न कळवता त्याने असा व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा आपण मागू शकतो. मेहुण्याच्या नावाने स्वस्तात घेऊन वर्षभराने बिल्डरला विकणं हा प्रकार नवा नाही. मघाचा पाचवा प्रश्न लेखी घ्यायचा तो यासाठी. आणि कलम २१९ नुसार, वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत दलाली देय होत नाही. पण ‘काम पूर्ण’ म्हणजे काय? विसार घेणं, साठेखत की खरेदीखताची नोंदणी? हे लिहून ठेवा. साठेखताला थोडी आणि खरेदीखताला उरलेली, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

शेवटचं, कुलमुखत्यारपत्र. “तुम्हाला सारखं यायला नको, सही आम्ही करू,” असं म्हणून दलाल ते मागतात. दाखवण्यासाठी किल्ली द्या, मुखत्यारपत्र देऊ नका. २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. द्यायचंच झालं तर घरातल्या विश्वासू माणसाला द्या, ठरावीक कामापुरतं द्या.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, माझे थोरले बंधू अमेरिकेत आहेत. दलाल म्हणतो, त्यांचं शेवटी बघू.

शेवटी नाही, आधी बघायचं. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत, किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर कपातीचे नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त असते. हे गिऱ्हाईकाला सही करायच्या आठवड्यात कळलं तर सौदा फिसकटतो. शिवाय परदेशात केलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे दोन मुद्दे दलालाने स्वतःहून काढले, तर तो जाणकार आहे असं समजायला हरकत नाही.

प्रश्न: आमचं आजोळचं घर गोव्यात आहे, पोर्तुगीज काळातलं. तिथेही हेच लागू?

निवडीची पद्धत हीच. गोव्यात जुन्या घरांना मुंबई-दिल्लीकडचं गिऱ्हाईक आहे आणि अशाच घरांचं काम करणारे दलालही आहेत, त्यामुळे निवडीला वाव जास्त. पण कायदा वेगळा. गोव्याच्या नागरी कायद्यात साधारणपणे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतात, त्यामुळे विकणाऱ्या प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. वाटणीसाठी इन्व्हेंटरीची प्रक्रिया असते. महाराष्ट्रातला दलाल तिथे नेऊ नका.

प्रश्न: एक भाऊ म्हणतो, माझा हिस्सा मी दलालाच्या गिऱ्हाईकाला देऊन मोकळा होतो. काय करावं?

ताई, घाई करू नका, पण बसूनही राहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे, कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात येऊन एकत्र ताबा मागता येत नाही, वाटणीचा दावा करावा लागतो. म्हणून असा सुटा हिस्सा स्वस्तात जातो, आणि काहीजण तो मुद्दाम घेतात, उरलेल्यांवर दबाव आणायला. तुमच्या भावालाही यात तोटाच आहे. सगळ्या भावंडांना एकत्र बसवा, मूल्यमापकाचा आकडा समोर ठेवा. बाकीच्यांनी त्याचा हिस्सा घ्यायचा का, की सगळ्यांनी मिळून एका दलालाला एकाच पत्राने काम द्यायचं, ते ठरवा. दलालाला दिलेल्या पत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या असल्या, की त्याला एकाला गाठून दुसऱ्याविरुद्ध वापरता येत नाही. आणि तशा सह्या त्यानेच पहिल्या दिवशी मागितल्या, तर मग त्याला काम द्यायला हरकत नाही.